टाकीच्या नकाशावरचं घर

सदर इसमाचे नाव श्रीमंत ग्यानोबा कवठाळे, वय अंदाजे सहासष्ट वर्षे, धंदा पाणीपुरवठा विभागातून सेवानिवृत्त पंपचालक, राहणार औसा रोडच्या आतील बाजूस, लातूर. उंची पाच फुटांस किंचित वर, बांधा किडकिडीत, रंग सावळा. ओळखीची खूण: कपाळावर टेंगूळ अथवा व्रण नाही, सदर इसमाच्या घरी ये-जा करणाऱ्या प्रौढ व्यक्तींमध्ये ही बाब विशेष समजावी. सदर इसम शासन दप्तरी भूकंपग्रस्त म्हणून नोंदलेला असून तसे प्रमाणपत्र त्याचेजवळ आहे. त्याच्या मालकीची एकमजली आर.सी.सी. इमारत सुस्थितीत असून विक्रीस काढलेली आहे. बांधकाम पूर्ण झाल्यापासून आजतागायत सदर इमारतीस कोणतीही इजा झालेली नाही व सदर इमारतीमुळे, किरकोळ टेंगळे वगळता, कोणासही इजा झालेली नाही. करिता दाखला दिला असे.

असा दाखला अजून कोणत्याही कार्यालयानं दिलेला नाही. पण द्यायचा ठरलाच तर यातला एक शब्द खोडावा लागणार नाही. सरकारी भाषेचा हा मोठा गुण आहे. तिच्यात खोटं असं काही सापडत नाही.

गल्लीत या घराला टाकी म्हणतात. नव्या रिक्षावाल्याला "टाकीपाशी थांबव" म्हटलं की तो वर बघत बघत येतो आणि टाकी मागं टाकून पुढं जातो. मग कुणीतरी ओट्यावरून ओरडतं, "अरे खाली बघ, खाली!" खाली एक बुटकं, करड्या रंगाचं, जाडजूड घर बसलेलं असतं. खिडक्या लहान. कोपऱ्याकोपऱ्यातून खांब असे बाहेर आलेले की घरानं आतून दंडाच्या बेटकुळ्या काढून दाखवल्यासारखं वाटतं.

या नावामागं गंमत नाही. त्र्याण्णव सालच्या त्या पहाटे श्रीमंत लातुरात पंपावर ड्युटीला होता. त्याची बायको केवळाबाई तापानं फणफणलेली, म्हणून भाड्याच्या खोलीतच पडून होती. चार वर्षांची थोरली मुलगी तेवढी गावी होती, औसा तालुक्यात, आजीजवळ. गणपतीचं विसर्जन दाखवायला म्हणून श्रीमंतच्या आईनं, धोंडाबाईनं, नातीला ठेवून घेतलं होतं. श्रीमंत गावी पोचला तेव्हा गाव जमिनीला टेकलेलं होतं. दोन-दोन हात रुंदीच्या दगडी भिंती, वर माळवदाची माती. भिंत जितकी जाड तितकं घर पक्कं, अशी गावाची समजूत होती, आणि त्या पहाटेपर्यंत ती चुकीची ठरवायला कुणी आलं नव्हतं. धोंडाबाई आणि थोरली एकाच जागी सापडल्या. त्या सगळ्या ढिगाऱ्यात सरळ उभी होती ती एकच गोष्ट, गावाची पाण्याची टाकी. तिला तडासुद्धा गेला नव्हता. ती भरलेली होती. त्या दिवशी उरलेल्या गावानं तिचंच पाणी प्यायलं, आणि पुढचं सगळं तिच्याच पाण्यानं उरकलं.

तिथं श्रीमंतच्या डोक्यात एक गोष्ट बसली ती पुन्हा उठली नाही. माणूस वाचवायचा तर तो पाण्यासारखा ठेवला पाहिजे.

तो त्याच खात्यात होता. टाकीचा नकाशा मिळवायला फार खटपट पडली नाही. ओव्हरसिअरनं कपाटातून एक निळी प्रत काढून दिली आणि कशाला हवी ते विचारलं नाही. सरकारी नोकरीत विचारलं की जबाबदारी येते.

घर बांधलं नजीर मिस्त्रीनं. दोन-चार गावांच्या टाक्यांवर त्याचा हात लागलेला होता, म्हणून श्रीमंतनं मुद्दाम त्यालाच गाठलं. नजीरनं नकाशा प्लॉटवरच्या विटांच्या ढिगावर पसरला, उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा केला.

"मालक, ही तर टाकी हाय."

"हाव."

"यात माणसं न्हाई राहत. पाणी राहतं."

"त्या पाण्याला काय झालं का त्या दिवशी?"

नजीरनं टोपी काढून डोकं खाजवलं आणि पाया खणायला घेतला. नकाशातलं होतं तेवढं त्यानं घरात बसवलं. टाकीला असतात तसे खांब, तितकेच जाड, तितकेच खोल. एक हॉलच्या बरोबर मधोमध. एक हॉलमधून मागच्या खोलीकडं जाणाऱ्या बोळाच्या वळणावर, आत घुसलेला. टाकीच्या खांबांना मध्येच बांधून ठेवणारा एक आडवा पट्टा असतो, तोही श्रीमंतनं सोडला नाही. तो बोळाच्या तोंडाशी आला.

"हा डोक्याला लागंल, मालक," नजीर म्हणाला.

श्रीमंत पट्ट्याखाली जाऊन ताठ उभा राहिला. वर चार बोटं जागा उरली.

"कुठं लागतो?" त्यानं विचारलं.

घर पुरं झालं तेव्हा त्यात आणखी एक मुलगी होती. सुकन्या भूकंपानंतर दोन वर्षांनी झाली. ती त्या खांबाभोवती गोल गोल फिरत चालायला शिकली. पुढं तिची उंची आईवर गेली आणि नववीत असताना तिचं कपाळ पहिल्यांदा पट्ट्याला लागलं. केवळाबाईनं तिथंच भिंतीला खिळा ठोकून हळदीची डबी अडकवली. पाहुणा आला की आधी "आई गं" ऐकू यायचं, मग हळद, मग चहा. नात्यागोत्यात या घरी जाऊन आलेला माणूस कपाळावरून ओळखू यायचा. केवळाबाई त्यावर हसायची. बाकी घराबद्दल ती काही बोलायची नाही. उन्हाळ्यात मात्र खाट बाहेर ओट्यावर टाकायची आणि नवऱ्याला म्हणायची, "तुम्ही झोपा टाकीत. मला जरा वारं लागू द्या."

सुकन्या लग्न करून नांदेडला गेली, तरोड्याकडं. दोन वर्षांपूर्वी केवळाबाईला लकवा मारला. उजवा हात-पाय गेला, तोंड वाकडं झालं, बोलणं चार-सहा शब्दांवर आलं. त्यात एक शब्द "नानेड" हा होता. सुकन्या शाळेत शिकवायची, दोन पोरं, सासू. आठवड्याला एसटी धरून लातूरला यायची आणि दुसऱ्या दिवशी परत. एका रविवारी आईचे केस विंचरता विंचरता ती बापाला म्हणाली:

"अण्णा, हे असं किती दिवस? घर विका. माझ्या गल्लीत खालच्या मजल्याचं एक घर निघालंय. चाकाची खुर्ची आरपार जाती. माय माझ्या डोळ्यासमोर राहील."

श्रीमंतनं खांबाकडं बघितलं.

"नानेड," केवळाबाई म्हणाली, आणि डाव्या हातानं लेकीचा पदर धरून ठेवला. त्यापुढं विषय वाढवायला जागा राहिली नाही. घर विकायचं, केवळाबाईला लेकीजवळ न्यायचं, ते ती आहे तोवर करायचं. ठरलं ते एवढंच.

आनंदराज हा त्या भागातला घराप्लॉटांचा दलाल. बुलेट, गळ्यात जाड गोफ, बोलण्यात सगळ्यांचा पुतण्या. तो पहिल्या दिवशी आला, पट्ट्याला धडकला, हळद लावून घेतली आणि पेशानं डॉक्टर असल्यासारखं घर तपासलं.

"काका, जागा सोन्यासारखी हाय. ट्यूशन एरिया चालत्या अंतरावर. लातुरात अशा जागंला गिऱ्हाईक हुडकत येतं. फकस्त घर जरा घरासारखं दिसाया पाहिजे."

मग त्यानं बोटं मोडत सांगितलं. रंग द्या, उजळ. सामान कमी करा. माणसाला वाटलं पाहिजे की इथं आपलं सामान मावंल. सगळे दिवे लावून ठेवा. भाव एकदम ताणू नका, आणि गिऱ्हाईक असताना मालकानं शक्यतो तोंड उघडू नये. हे सगळं खरंच होतं. कुठल्याही शहरातला दलाल कुठल्याही घरमालकाला हेच सांगतो, आणि बहुतेक घरं एवढ्यावर विकलीही जातात. शेवटचं तो दबक्या आवाजात बोलला.

"आन् काकूंची खाट. दारातून आलं की पयली तीच दिसती. राग मानू नका, पण घरात आजारी माणूस दिसलं की गिऱ्हाइकाचं मन खट्टू होतंय. मागच्या खोलीत न्या. विकंपर्यंतच."

केवळाबाईची खाट हॉलमध्ये दारासमोर होती. तिथून तिला ओटा दिसायचा, गल्ली दिसायची, भाजीवाली सरजाबाई थांबून चार शब्द बोलायची. चाकाची खुर्ची बोळाच्या वळणावरून जात नव्हती. खांब मध्ये यायचा. म्हणून श्रीमंत आणि आनंदराजनं तिला हातांवर उचललं, आडवं-तिरपं करत खांबाला वळसा घातला आणि मागच्या खोलीत ठेवलं. मागच्या खोलीची खिडकी भिंतीपासून हातभर अंतरावरच्या दुसऱ्या भिंतीकडं बघायची.

"विकंपर्यंतच," श्रीमंतनं तिला सांगितलं.

रंग झाला. आनंदराजच्या सल्ल्यानं खांब आणि पट्टा भिंतीच्याच पांढऱ्या रंगात रंगवले, म्हणजे डोळ्यात भरणार नाहीत. ते खरोखरच डोळ्यात भरेनासे झाले. त्यामुळं धडकणाऱ्यांचं प्रमाण वाढलं.

पहिलं गिऱ्हाईक देवणीचं, मास्तर नवरा-बायको. पोरगं अकरावीला, ट्यूशनसाठी तिघांनी लातुरातच राहायचं, असा बेत. मास्तरांनी हळद लावून घेतली. बाईंनी हॉलच्या मधोमध उभं राहून विचारलं:

"हा पिल्लर इथं मधीच कशाला हो?"

मालकानं तोंड उघडू नये हे श्रीमंतला ठाऊक होतं. पण इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला इतक्या प्रेमानं कुणी विचारला नव्हता. त्यानं सांगायला घेतलं. दगड-मातीच्या भिंती कशा बाहेरच्या अंगाला फुटतात आणि माळवद कसं सरळ खाली बसतं. माणूस दाराकडं पळतो आणि चौकटीखालीच कसा सापडतो. ही टाकी कशी हलेल पण पडणार नाही. बाईंनी पोराला जवळ ओढलं. मास्तरांनी वर छताकडं बघितलं, जे त्यांनी आल्यापासून एकदाही बघितलं नव्हतं. चहा न घेताच ते निघाले.

आनंदराज बुलेटला टेकून उभा होता.

"काका, गिऱ्हाइकाला घर दाखवायचं असतं. भूकंप न्हाई."

"मी खोटं काय सांगितलं? हे घर पडत न्हाई."

"पण पडायचा इचार त्येंच्या डोक्यात होताच कुठं! तुम्ही घातला. लोक किचन बघायला येतेत, किचन."

यात श्रीमंतची चूक अशी की घराचा जो एकच गुण त्याला ठाऊक होता तोच तो विकत होता. आलेला माणूस घर उभं राहील हे गृहीत धरून यायचा, आणि जाताना मात्र कुठल्याच घरावर त्याचा भरवसा राहिलेला नसायचा.

पुढचं गिऱ्हाईक भोकरचं, कापसाचा व्यापारी, सोबत वास्तुवाले महाराज. महाराजांनी होकायंत्र काढलं, हॉलच्या मधल्या खांबाला हात लावला आणि विस्तव लागल्यासारखा काढून घेतला. "ब्रह्मस्थानी खांब! घराच्या छातीवर खुंटा ठोकलाय यांनी. इथं माणूस सुखानं कसं राहिलं?" व्यापाऱ्यानं श्रीमंतकडं पाहिलं. श्रीमंत म्हणाला, "राहिलं की," आणि तेवढ्यात मागच्या बंद खोलीतून केवळाबाईचा आवाज आला, शब्द नसलेला, लांबलचक. बहुधा तिला पाणी हवं होतं. व्यापारी चपला हातात घेऊन बाहेर पडला.

त्यानंतर एक बिल्डर आला. त्याला घर नकोच होतं, जागा हवी होती. आनंदराज खूश, अडलेल्या घराला हाही एक मार्ग असतो, घर विसरा आणि जमीन विका. पाडायचा अंदाज घ्यायला नजीर मिस्त्रीला बोलावलं, कारण आत किती लोखंड आहे ते त्यालाच ठाऊक. नजीर आता म्हातारा झाला होता, काठी टेकत आला. त्याला हळद लागली नाही. पट्टा कुठं आहे हे विसरणं त्याला शक्य नव्हतं. त्यानं खांबावर हातोडी मारली. हातोडी घंटेसारखी वाजली.

"शेठ," तो बिल्डरला म्हणाला, "हे पाडायला जेवढा खर्च येईल ना, तेवढ्यात दुसरं बांधून व्हईल. आन् ब्रेकर लावला तर शेजारच्या दोन घरांच्या भिंती आधी जातील. ही जाणार न्हाई."

"अरे, तूच बांधलं ना?"

"मी बांधलं. मालकानं बांधून घेतलं. पाडायचं तवा कुणी बोललं न्हाई."

बिल्डर गेल्यावर नजीर मागच्या खोलीच्या दाराशी गेला. "भाभी, सलाम." केवळाबाईनं डावा हात उचलला. तिचं वजन उतरलं होतं. नजीर बराच वेळ बोळाच्या वळणावरचा खांब चाचपत उभा राहिला.

"हा एक तरी नको म्हणायला पाहिजे होतं मी," तो म्हणाला.

"का?" श्रीमंत म्हणाला. "यानंच सगळं धरून ठेवलंय."

वर्ष असंच गेलं. भाव उतरवला, फोटो बदलले, ओट्यावर कुंड्या मांडल्या. प्रत्येक वेळी गिऱ्हाईक यायचं ठरलं की मागच्या खोलीचं दार लावलं जायचं. केवळाबाईला दार लागल्याच्या आवाजावरून कळायचं. सुरुवातीला ती "नानेड?" असं विचारायची. नंतर नंतर विचारेनाशी झाली. सुकन्यानं तिची एक पिशवी भरून खुंटीला लावून ठेवली होती: दोन लुगडी, औषधं, शाल. खाटेवरून ती पिशवी दिसायची. त्या खोलीत बघण्यासारखं तेवढंच होतं.

मग महानंदाताई आल्या. मुलींची मेस आणि होस्टेल चालवणाऱ्या बाई. दोन इमारती भाड्याच्या, तिसरी स्वतःची, वर मजले चढवता येतील अशी, करायची होती. ठेंगण्या, जाड, तोंडात सुपारी. त्या पट्ट्याखालून सरळ चालत गेल्या आणि त्यांना तो दिसलाही नाही. हळदीची डबी घेऊन पुढं झालेला श्रीमंत तसाच मागं सरकला. ताईंनी हॉलच्या मधल्या खांबावर तळवा आपटला, म्हैस पारखताना आपटतात तसा.

"काका, हे पिल्लर खाली किती गेलेत?"

श्रीमंतनं सांगितलं. आनंदराज त्याला मागून चिमटे काढत होता, पण या वेळी भूकंप गिऱ्हाइकालाच हवा होता. दुसऱ्या दिवशी ताई आपला इंजिनिअर घेऊन आल्या. त्यानं यंत्र लावलं, निळा नकाशा बघितला, हसला आणि म्हणाला, असं लोखंड आता कुणी टाकत नाही.

इतक्या दिवसांत जे कुणाला सुचलं नव्हतं ते एवढंच होतं: घरात दोष नव्हता, तो दोष ज्याला हवा आहे असा माणूस आला नव्हता. आनंदराज ते पुढं बरेच दिवस स्वतःचं तत्त्वज्ञान म्हणून सांगत फिरला.

इसार झाला. नारळ, पेढे, हॉलमध्ये खांबाला टेकून फोटो. त्या दिवशी मागच्या खोलीचं दार उघडं ठेवलं होतं. महानंदाताई आत गेल्या, खाटेवर बसल्या, केवळाबाईच्या तोंडात पेढ्याचा तुकडा घातला.

"आता लेकीकडं जायचं की हो मावशी!"

केवळाबाईचा अर्धा चेहरा हसला. "नानेड," ती म्हणाली, आणि खुंटीकडं बघितलं.

नोंदणीची तारीख ठरली. सुकन्यानं तरोड्यातल्या घराची किल्ली घेतली, आत फरशी पुसून आली, मोरीला कठडा बसवून घेतला. मधल्या काळात, पावसाळ्यातल्या एका सकाळी, हिंगोली-नांदेडकडं जमीन हलली. फार नाही. मांडणीतली भांडी वाजली, पंखे झुलले, माणसं पोरांना घेऊन खाली पळाली आणि थोड्या वेळानं चहा प्यायला वर गेली. श्रीमंतच्या घराला तर काहीच कळलं नाही. कळलं ते सुकन्याच्या फोनमुळं. ती हसत होती, भ्यायलेली माणसं हसतात तशी.

"अण्णा, आत्ता धक्का बसला. पोरं घेऊन जिन्यानं पळाले बघा मी, एका पायात चप्पल. काय न्हाई झालं. सगळे बरे हाव."

श्रीमंतनं फोन ठेवला. मग तो गच्चीवर जाऊन बसला. दुपारी जेवायला खाली आला नाही. संध्याकाळी खाली आला तेव्हा सरळ महानंदाताईंच्या मेसवर गेला आणि इसार त्यांच्या टेबलावर ठेवला. मुली ताटं घेऊन रांगेत उभ्या होत्या.

ताई आधी समजल्याच नाहीत. मग भडकल्या.

"इसार घेऊन मुकरता का काका? दुसऱ्यानं जास्ती कबूल केलं?"

"दुसरं कुणी न्हाई."

"मग?"

"तुम्ही वर चार मजले चढवणार ना? पोरी ठेवणार?"

"मग काय म्हशी ठेवू?"

"ते एका मजल्याचं घर हाय."

"अहो, माझा इंजिनिअर म्हणतो चार आरामात चढतेत. तुम्हीच सांगितलं की टाकीचं ड्रॉइंग हाय म्हणून. एवढी मोठी टाकी, पाण्यानं भरलेली, हलली न्हाई म्हणून!"

"टाकीत पाणी होतं, ताई," श्रीमंत म्हणाला. "पोरी नव्हत्या."

रांगेतली एक मुलगी फसकन हसली. ताईंनी तिच्याकडं डोळे वटारले आणि पैसे ओढणीनं झाकावे तसे हातानं झाकले. श्रीमंत तोवर निघाला होता.

आनंदराजला कळलं तेव्हा तो गल्लीतच ओरडला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "वर्षभर माझी बुलेट झिजवली! काका, तुमचं घर का विकत न्हाई ते आता कळालं मला. त्यात तुम्हाला माणूसच नको हाय. मग ठेवा पाणीच भरून!"

घरी श्रीमंत मागच्या खोलीत जाऊन खाटेच्या कडेला बसला. केवळाबाई त्याच्याकडं बघत राहिली. तिला सांगावं लागलं.

"तिकडं जमीन हलून राहिली, केवळे. सुकन्या पळत खाली गेली पोरं घेऊन. तुला घेऊन कोण पळंल?"

ती काही वेळ जीभ जुळवत होती. लकवा मारल्यापासून तिनं नवा शब्द उच्चारला नव्हता.

"हलू द्या," ती म्हणाली. स्पष्ट.

श्रीमंतनं ते ऐकलं नाही असं नाही. पण त्याला दोन मुली होत्या आणि दोघींपैकी एकीबाबतच काही करता येण्यासारखं उरलं होतं, तेही फोनवरून. तिला त्यानं सांगितलं की नवऱ्याला, सासूला, पोरांना घेऊन लातूरलाच या, टाकीत. सुकन्या फोनवर रडली, मग चिडली, मग म्हणाली, "अण्णा, माय आधी हॉलमध्ये तरी आणा. दारात ठेवा तिला."

तेही झालं नाही. मागच्या खोलीच्या चारी कोपऱ्यांत चार खांब होते. सगळ्या घरात तीच खोली सगळ्यात पक्की, हे नकाशावर दिसत होतं. खाट तिथंच राहिली. सरजाबाई भाजी घेऊन दाराशी थांबायची, आत वाकून बघायची, हाक मारायची. आतून कधी ओ यायची, कधी नाही. काही दिवसांनी तिनं थांबणं सोडलं.

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. दुपारी केवळाबाईच्या तोंडाला फेस आला आणि डोळे फिरले. श्रीमंतनं ॲम्ब्युलन्सला फोन केला आणि ती लवकर आली. त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. दोन तरुण पोरं स्ट्रेचर घेऊन आत धावली. पुढचा उंच होता, तो पट्ट्यावर असा आदळला की खालीच बसला. श्रीमंतचा हात आपोआप खिळ्याकडं गेला. गल्लीतली माणसं दारात जमली तेव्हा तो हळदीची डबी उघडून उभा होता आणि ते पोरगं ओरडत होतं, "बाबा, ती डबी ठेवा! पेशंट कुठंय?"

पेशंट बोळाच्या पलीकडं होता. त्यांनी स्ट्रेचर आत घातलं, मागं घेतलं, तिरपं केलं, उभं केलं, पुन्हा आडवं केलं. मग ते तिथंच टाकून चादरीत घालून तिला आणायला गेले. दोघांना जमेना, तिसरा आत शिरला, बोळात एका वेळी दोनच माणसं मावत होती. श्रीमंत खांबाला पाठ लावून जागा करून देत होता. तो बारीक होता, पण खांब बारीक नव्हता. तिला उजेडात आणलं तेव्हा ॲम्ब्युलन्सच्या पोरानं तिच्या मानेला बोट लावलं, पुन्हा लावलं, आणि मग घाई करणं थांबवलं. दवाखान्यात डॉक्टरांनी कागदावर लिहिलं ते तिथं पोचल्यावर. घडलं होतं ते आधीच. सुकन्या तेव्हा अर्ध्या वाटेत एसटीत होती. खुंटीवरची पिशवी तिनंच नंतर उतरवली.

श्रीमंत अजून तिथंच राहतो. घर विकायचं आहे. आनंदराजनं पाटी पुन्हा लावलीय, भाव त्याच्या मनाप्रमाणं. आता गिऱ्हाइकांना श्रीमंत भूकंपाचंही सांगत नाही आणि केवळाबाईचंही सांगत नाही. घर सुस्थितीत आहे, एवढंच सांगतो. इमारतीस इजा नाही, इमारतीमुळे कोणासही इजा नाही, हे वर दाखल्यात आलेलंच आहे.

स्ट्रेचर बोळात वळलं नाही.